उलटा कागद वाचणारी बाई

बाईनं अन् म्या मिळून जे शेवटचं साधं काम केलं, ते कुसळं काढायचं. शेजारच्या खेड्यातून वावरावावरानं पायी परत येत होतो. थंडीचे दिवस, बांधावरचं गवत वाळलेलं. तिच्या लुगड्याच्या काठाले वीतभर कुसळं अन् माह्या धोतराले तेवढीच. गावाबाहेरच्या विहिरीच्या ओट्यावर बसलो अन् दोघंही आपापली काढू लागलो.

मधात ती म्हणाली, "कोतवाल, तुमच्या आजीनंही इथंच बसून काढली असतील."

मी म्हणलो, "माह्या आजीले या ओट्यावर कोन बसू देलं असतं बाई?"

ती थांबली. पिशवीतून एक कार्ड काढलं अन् लिहिलं.

"काय लिहिलं?"

"तुम्ही म्हणालात तेच."

अन् पुन्हा कुसळं काढू लागली. एवढंच. एका घंट्यानं जे झालं, त्याच्यानंतर आम्ही दोघं संगं असं बसलो नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. तवा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. आमचं गाव आसेगावापासून दोन कोस आत. मी गावचा कोतवाल. म्हणजे तलाठ्याचा निरोप्या, पोलीस पाटलाचा हरकाम्या, अन् कोणी साहेब आला का त्याच्या पेटीचा हमाल. आम्ही छप्पनले धर्म बदलला, बुद्ध झालो. गावानं काही डोळे बदलले नाहीत. कायद्यानं पाटलाचं वतन गेलं, पण पाटील कुठी गेला नव्हता. सरकारनं त्यालेच पोलीस पाटील केलं, अन् माही नोकरी त्याच्या एका शब्दावर होती.

हे सारं माह्या घरचीनं सांगाले पायजे होतं. ती मागच्या उन्हाळ्यात गेली. सारी जिंदगी म्हणत आली, "ते बाईचं लिहून ठेवा. तुमाले तरी लिहाले येते." मी टाळत आलो. आता टोकाले कोणी राह्यलं नाही, तर लिहून राह्यलो.

बाई आली बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या दोन सालानं. आसेगावच्या स्टँडवर उतरली तवा पायात माणसाचे कॅनव्हासचे बूट, लुगडं पिंडरीपर्यंत खोचलेलं, डोक्यावर स्वतःची वळकटी. पन्नाशीची असन. लग्न केलं नव्हतं. तहसीलदाराची चिठ्ठी होती का कोतवालानं यांना गावं दाखवावी. मी वळकटी घ्याले हात पुढं केला तर म्हणाली, "तुम्ही रस्ता दाखवा, वळकटी माझी आहे." तुम्ही! गावात मले कोणी तुम्ही म्हणत नव्हतं. म्या मागं वळून पाह्यलं, कोणाले म्हणते म्हणून.

ती इतिहासाची होती. तीनशे-चारशे सालामागं, मोगलाईच्या वक्ताले, आपल्या वऱ्हाडात बाया कशा राहत, त्यांच्या नावानं काही असे का, पंचात त्यांचं कोणी ऐके का, हे ती जुन्या मोडी कागदात शोधत हिंडे. पाटलानं पहिल्याच दिवशी तिले सांगून टाकलं, "बायांचा इतिहास? चूल अन् मूल. झाला इतिहास. लिवून घ्या, चाहा प्या, पाचची गाडी आहे."

बाई म्हणाली, "चहा कोण करतंय?"

"करन कोनीतरी."

"तिचं नाव सांगा, तिथून सुरू करते."

पाटलाले वाटलं गंमत आहे. बाई पेन उघडून बसली होती. पाटलानं शेवटपर्यंत नाव सांगतलं नाही, चहाही आला नाही.

तिचं असंच होतं. कोणाच्या दारात गेलो अन् माणूस म्हणाला "घरात कोनी नाही," का ही विचारे, "मग भाकर कोण थापतंय? आवाज येतोय." कोणी म्हणाला "बायकाले काय समजते," का ही म्हणे, "कोणत्या बाईला?" अन् थांबे. ते थांबणं लय वाईट. मोठमोठे मिशीवाले पाहून घेतले म्या, घाम येई. नावं विचारण्याचा तर तिले नादच होता. भेटला त्याले विचारे, "आईचं नाव? तिच्या आईचं? तिच्या आईचं?" माणसं बापाकडून सात पिढ्या सांगत अन् आईकडून दुसऱ्या पायरीवरच पाय घसरे. मी एकावर अडकलो. माह्या घरचीनं पाच सांगतल्या. चुलीत फुंकणी मारत मारत सांगतल्या, मधात एकदाही अडली नाही. बाईनं ते कार्ड दोनदा लिहून एक आमाले देलं. घरची गेली तवा तिच्या पेटीत होतं. आता मलेही पाच पाठ आहेत. रोज म्हणतो. कायले म्हणतो ते माहीत नाही.

राहायले तिले शाळेची एक खोली देली होती, पण जेवे आमच्या घरी. त्याच्यावरून गावात बोभाटा झाला. तिची जात कोणती म्हणून पाटलानं मले विचाराले लावलं. म्या विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या आईच्या आईचं नाव शोधून आणा, मग सांगते." पाटलाले तसंच सांगतलं. शिव्या मले पडल्या.

जेवणाचाही तिचा एक कायदा होता. घरातली बाई ताट घेऊन बसल्याशिवाय ही घास मोडत नसे. माही घरची पहिले चार दिवस उभीच राह्यली, हीही बसून राह्यली, भाजी थंडी झाली. पाचव्या दिवशी घरची चिडली अन् धाडकन बसली. "घ्या. बसली. आता खासान का मीच भरवू?" त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

एक गोष्ट लपवत नाही. मी रोज सकाळी पाटलाले खबर देत होतो. बाई कुठी गेली, कोणाशी बोलली, काय लिहिलं. कोतवालाचं कामच ते. बाईले माहीत होतं. एका सकाळी म्हणाली, "आज सांगा की बाईला सर्दी झालीये. खरी आहे, चालेल."

फक्त एक गोष्ट म्या पाटलाले कधी सांगतली नाही. बाईले उलटा कागद वाचता ये.

ते असं होतं. लोकं जुने कागद तिच्या हातात देत नसत. फाडन, नेईन, कोर्टात दाखवन, काय भरोसा. मालक कागद आपल्या मांडीवर धरून बसे अन् ही समोर. अकरा साल अशी समोर बसून बसून तिले मोडी उलटी वाचता येऊ लागली. आपण पोथी वाचतो तशी. तोंडानं काही न म्हणता, डोळे हलवत जाई, अन् घरी येऊन अक्षर न् अक्षर उतरवून काढे. मले म्हणे, "सरळ कागद दिला तर मला आता जरा अवघड जातं."

पाटलाच्या घरी असा एक कागद होता. हातभर लांब, वर फारशी शिक्का, खाली मोडी, अन् एकदम शेवटी एक गोल निशाणी. दसऱ्याले तो देव्हाऱ्यातून निघे, पाटावर बसे अन् त्याची पूजा होई. गावाची समजूत अशी, का मूळ पाटलाले देवी प्रसन्न झाली, तिनं आपल्या हातातली बांगडी कागदावर टेकवली अन् पाटीलकी देली. सारा गाव त्या बांगडीवर हळदकुंकू वाहे. वाहता वाहता तिथं थर झाला होता, बांगडीची नुसती गोल कड दिसे. वाचणारा गावात कोणी नव्हता, अन् देवीचा कागद वाचाचा कायले?

बाईनं महिनाभर पाटलाचा पिच्छा पुरवला. शेवटी पाटील म्हणाला, "दर्शन घ्या. हात लावाचा नाही. लिवून घ्याचं नाही. शब्द द्या."

"दिला," बाई म्हणाली.

पाटील कागद आपल्या मांडीवर घेऊन बसला. बाई समोर, हात जोडून. पाटलाले वाटलं बाई भक्तीनं पाहून राह्यली. मी पाटलाच्या मागं उभा होतो, मले तिचे डोळे दिसत होते. उजवीकडून डावीकडं, उजवीकडून डावीकडं. शेवटच्या ओळीवर ते थांबले अन् तिचे जोडलेले हात सुटले. म्या खोकलून खोकलून पाटलाचं ध्यान माह्याकडं घेतलं.

तिथून बाई भराभर निघाली. आमच्या घरी आली, चुलीपाशी बसली अन् माह्या घरचीले सांगू लागली. शब्द देला होता म्हणून लिहिलं काहीच नाही. तोंडानं सांगे.

तो कागद देवीचा नव्हता. निवाड्याचा होता. या गावचा पाटील मेला, त्याच्या बायकोनं नवऱ्याच्या चुलतभावाशी पाट लावला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्या पाटापासून तिले मुलगा झाला. भाऊबंद म्हणाले, पाटाच्या पोराले पाटीलकी नाही. तंटा मोगलाईच्या ठाण्यावर गेला, पंच बसले. ती बाई म्हणाली, माझं खरं आहे, मी दिव्य करते. कढईत तेल उकळाचं, तळाशी लोखंडाचा तुकडा टाकाचा, अन् हात घालून तो काढाचा. तिनं काढला. हातावर पिशवी बांधून मोहर केली, तीन दिवसांनी सोडली. हात शाबूत. पंचांनी पाटीलकी तिच्या पोराले देली. तोच या घराचा मूळपुरुष. अन् खाली सही म्हणून जशी कुणब्याची निशाणी नांगर, तशी बाईची निशाणी बांगडी. सारा गाव ज्याच्यावर कुंकू वाहे, ती पाटाच्या बाईची सही होती.

"साक्षीदारांत शेवटी महारांचीही निशाणी आहे," बाई माह्याकडं पाहून म्हणाली.

"शेवटीच ना?" मी म्हणलो. "मंग काही बदललं नाही."

माही घरची मात्र भाकर हातात धरून बसली होती. ती पाटलाच्या वाड्यावर धान्य निवडाले जाई. वाड्यात पाटलाची धाकटी सून होती. बाविशीची. लग्नाले साल झालं अन् नवरा तापानं गेला. पदरात काही नव्हतं. तिच्या भावानं तिच्यासाठी एक माणूस पाह्यला होता, जऊळक्याच्या स्टेशनावर नोकरीले, बायको मेलेला, तिले पाटानं करून घ्याले तयार. पाटील ऐके ना. त्याच्या दोन पोरी देशमुखाच्या घरी देल्या होत्या. म्हणे, "पाट कुनब्यात लागते. या घरात बाई एकदाच येते अन् एकदाच जाते. सुनेनं पाट लावला तर माह्या पोरी उद्या दारात परत येतीन." ते त्याचं भेव खरं होतं, तेही सांगतो. पण सून दोन साल उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. पडली ती दोनदा, दोन्ही वेळा विहिरीकडं. दोन्ही वेळा माह्या घरचीनं तिचा पदर धरला होता.

घरचीनं भाकर तव्यावर टाकली अन् विचारलं, "मंग? सांगता का नाही त्याले?"

"काय सांगू?"

"हेच. का तुह्या घराची माय पाटाची होती म्हनून."

"मी शब्द दिलाय. हात लावणार नाही, उतरवून घेणार नाही."

"सांगनार नाही असा देला काय?"

बाईनं समोरचं ताट बाजूले सरकवलं. मग म्हणाली, "तसा नाही दिला. पण सांगितलं तर ते कागद ठेवणार नाहीत. अकरा वर्षं मी असा एक कागद शोधतेय. बाया सापडतात, पण कोणाची तरी बायको म्हणून. दिव्य करायचं झालं तर तिच्या जागी भाऊ हात घालतो, नाहीतर दीर. हिनं स्वतः घातला. अशी दुसरी मला मिळालेली नाही. तो कागद गेला तर ही बाई गेली. पुन्हा एकदा मेली."

"अन् हे पयल्यांदाच मरून राह्यली, तिचं काय?"

"मी थोडा वेळ मागतेय. मुंबईहून फोटोवाला आणते, पाटलांना समजावते, महिनाभरात..."

"बाई," माही घरची म्हणाली, तिचा आवाज काही चढला नव्हता, "तुमची ते तीनशे सालामागं मेली. तिले आता कोनी मारू शकत नाही. वाड्यातली जिती आहे. दोनदा म्या धरली. तिसऱ्यांदा मी वावरात असन. मंग तिचंही कार्ड लिहसान का?"

बाई उठली. ताटात भाकर तशीच होती. खोलीकडं निघून गेली.

अन् मी? मी त्याच्या आधीच अंगणात निघून गेलो होतो. दोन बायांच्या मधात कोतवालाचं काय काम, असं मनाले सांगतलं. खरं म्हणजे भेव वाटलं, का दोघी मिळून मलेच पाटलाकडं धाडतीन.

आठ दिवस बाई जेवाले आली नाही. घरचीही बोलवाले गेली नाही. मी मधात डबा पोचवत होतो. सकाळी पाटील विचारे, "बाई काय करून राह्यली?" मी म्हणे, "काही नाही. भिंतीकडं पाहते." हेही खरंच होतं. ती कार्डांचे गठ्ठे उलटे करून मांडे, पुन्हा सरळ करे. एकदा मले विचारलं, "कोतवाल, ती विहीर किती खोल आहे?" मी म्हणलो, "चाळीस हात." तिनं लिहिलं नाही.

नवव्या दिवशी म्हणाली, चला. आम्ही शेजारच्या खेड्यात जाऊन आलो, विहिरीच्या ओट्यावर बसून कुसळं काढली. तिथंच पाटलाचा गडी पळत आला. "कोतवाल, पाटलानं बोलवलं. सुनेचा भाऊ आला आहे. चार माणसं जमवाची आहेत."

बाईनं बूट झटकले. "मीही येते."

"बाई, तुमाले नाही बोलवलं."

"माहीत आहे."

ओसरीवर पाटील, सुनेचा भाऊ, गावातले चार म्हातारे. दाराच्या आड सून, तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. तिच्या मागं माही घरची, हातात सूप. भाऊ सांगून सांगून थकला होता. पाटील म्हणाला, "शेवटचं सांगतो. या घराले देवीनं पाटीलकी देली. तिच्या घरात पाट लागत नाही. चारशे सालात लागला नाही. सूनबाई इथंच राहीन. तू चाहा पे अन् जाय."

बाई पायरीखाली उभी होती. म्हणाली, "पाटील, लागला आहे."

"काय?"

"पाट. या घरात. त्याच्यावरच हे घर उभं आहे."

अन् तिनं तो कागद म्हणाले सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. कागद समोर नाही, काही नाही, हात मागं बांधलेले. गावाचं नाव, पंचांची नावं, त्या बाईचं नाव, तिच्या पहिल्या नवऱ्याचं, दुसऱ्याचं, कढईत तेल किती शेर, हात कोणत्या वारी सोडला. दाराच्या आड सुपातले दाणे सांडल्याचा आवाज आला, तेवढाच.

पाटील हासला. "तुमी तर कागदाले हातही लावला नाही. शब्द देला होता."

"नाही लावला. समोरून वाचला. उलटा."

"खोटं."

"मग बाहेर आणा. अकोल्याहून मोडी जाणणारा बोलवू. त्याला वाचू द्या. मी खोटी निघाले तर याच चार माणसांसमोर तुमच्या पाया पडून जाईन."

पाटलाचं तोंड पाह्यलं तवा मले समजलं, का त्याले आतून कधीचा वास आला होता. घरात पिढ्यानपिढ्या कोणी तो कागद वाचून घेतला नव्हता, ते उगाच नव्हतं. तो उठला. देव्हाऱ्यातून कागद आणला. पहिले कपाळाले लावला. न्हाणीपाशी चुलीवर पाणी तापत होतं, तिकडं दोन पावलं गेला अन् थांबला. देवीचा कागद. आजा-पणज्यानं पुजलेला. खरं काय ते त्याले समजलं होतं, पण हात काही धजेना.

मग त्यानं मागं पाह्यलं.

"कोतवाल. इकडं ये बे. तुमी लोकं देव मानत नाही ना?"

मी त्याच्यापाशी गेलो.

"मानत नाही ना? मंग घे. टाक चुलीत."

बाई ओरडली, "कोतवाल, नको!" आणखी काही नाही, तेवढंच. ती पायरी चढून धावली, पण एका म्हाताऱ्यानं काठी आडवी केली.

कागद माह्या हातात होता. हलका होता. कुंकवाचा रंग माह्या बोटाले लागला. खाली ती बांगडी, अन् तिच्या बाजूले एक दुसरी निशाणी, आमच्या कोणाची तरी. म्या पाटलाकडं पाह्यलं. त्याच्या डोळ्यात माही नोकरी दिसली, घर दिसलं, उद्याची मजुरी दिसली. म्या टाकला. टाकाले काही वेळ लागला नाही. पहिले कुंकू जळालं, मग कागद वळला.

तवा सुनेचा भाऊ उभा राह्यला. फार बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, "पाटील, देवीचा असता तर तुमी जाळू देला असता काय?"

चार म्हातारे जमिनीकडं पाहत होते. पाटील खांबाले टेकून उभा राह्यला. सून उंबऱ्याबाहेर आली. हातात गाठोडं नाही, काही नाही. कोणाच्या पाया पडली नाही. भावाच्या बाजूले जाऊन उभी राह्यली अन् म्हणाली, "चाल." आवाज बसलेला होता, लय दिवस वापरला नव्हता म्हणून असन. दोघं अंगणातून गेले. पाटलानं अडवलं नाही. माह्या घरचीनं त्यांना वेशीपर्यंत पोचवलं.

बाईनं सून जाताना पाह्यली नाही. ती चुलीपाशी खाली बसली होती.

दुपार कलल्यावर मी शाळेच्या खोलीवर गेलो. बाई लिहीत होती. आठवणीनं सगळा कागद उतरवला होता. मले पाहून पेन खाली ठेवला. मले वाटलं शिव्या देईन. देल्या असत्या तर बरं झालं असतं.

"झालं लिहून?" म्या विचारलं.

"झालं. उपयोग नाही. एक बाई म्हणते, मी कागद वाचला, उलटा वाचला, आता तो नाही. कोणी मानणार नाही. दुसऱ्या कोणी मला असं सांगितलं असतं तर मीही मानलं नसतं."

"गावानं पाह्यला ना कागद."

"उद्या विचारा गावाला."

ती बरोबर होती. सांजीपर्यंतच गावात सुरू झालं होतं. म्हणे कागद नव्हताच, पाटलानं दुसराच काही तुकडा जाळला, देवीचा कागद देव्हाऱ्यात आहे. ओसरीवरच्या चारही म्हाताऱ्यांले काही आठवे ना.

"तुम्ही टाकताना बघितलं का, खालची बांगडी?" बाईनं विचारलं.

"पाह्यली."

मग तसं लिहून द्या, असं ती म्हणाली नाही. "उद्या सकाळी जाते मी," म्हणाली, अन् कार्डं पेटीत भरू लागली.

घरी आलो. घरचीनं ताट वाढलं. म्या सांगू लागलो का पाटलानं असं म्हणलं, तुमी देव मानत नाही ना, अन् खरंच आहे, आपण देव मानत नाही, मंग त्या कागदाची कायची भीती, म्हणून म्या टाकला.

ती ऐकत होती. म्हणाली, "देव मानत नाही म्हनून टाकला?"

"हो."

"का भेले म्हनून?"

म्या घास खाली ठेवला.

"भेलो."

"मंग तसं सांगा," ती म्हणाली. "पोट्टी सुटली, चांगलं झालं. बाईचा कागद गेला, तिनं आपल्या तोंडानं घालवला, तिले माहीत होतं. तुमी घालवला तो भेऊन. त्याच्यात धर्माले नका आणू."

त्याच्यावर ती जेवली अन् भांडे घासाले बसली. एवढ्या सालात ती गोष्ट तिनं मले पुन्हा कधी बोलून दाखवली नाही. ती गेली तवापासून मीच स्वतःले बोलून दाखवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाकडं खबर द्याले गेलो नाही. बाईचीही भेट घेतली नाही, तिच्यासमोर उभं राहाचं तोंड नव्हतं. आसेगावले पायी गेलो अन् मंगरूळची पहिली गाडी धरली. तहसील उघडाची होती. बाहेर लिंबाच्या झाडाखाली अर्जनवीस सतरंजी झटकून बसत होता. वाटेभर म्या घोकत आणलं होतं. कागद होता. हातभर लांब, वर शिक्का, खाली बाईची बांगडी, तिच्या बाजूले आमची निशाणी. तो म्या माह्या हातानं जाळला, भेऊन जाळला. बाई सांगते ते खोटं नाही. खाली माही सही, गावाचं नाव, कोतवाल म्हणून.

त्यानं कोरा कागद तळहातानं सरळ केला अन् पेन झटकला.

"बोल गा. अर्ज कोनाविरुद्ध आहे?"

"माह्याविरुद्ध," म्या म्हणलं. "लिहा."